पंपकाकांचा नारिंगी कोट

नदीच्या मधोमध पंपघर होतं. अलीकडचं शहर आणि पलीकडचं शहर, दोन्ही त्याच पंपाचं पाणी प्यायची. मधून देशांची सीमा गेलेली आणि सीमेवर लढाई पेटलेली. दोन्ही सरकारं मोठमोठ्या सभागृहांत एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हती. पण पंपाची जाळी शेवाळाने तुंबली की कोणीतरी जाऊन ती साफ करायलाच हवी. शेवाळाला कुठे कळतं, कोण कुणाचा शत्रू!

अलीकडून जायचे ते पंपकाका. नारिंगी कोट चढवायचा, होडीत उभं राहून लोखंडी पाइप ठणठण वाजवायचा, की दोन्ही काठांच्या बंदुका गप्प. पुढच्या खेपेला पलीकडचा मेकॅनिक यायचा, तसाच कोट घालून, तसाच पाइप वाजवत. हे कोणी ठरवलं होतं? कोणीच नाही. परदेशातून पाहणीला आलेल्या मंडळींनी विचारलं, "हा नियम कुठे लिहिलाय?" काका गडबडले. "चालत आलंय, म्हणून चालतंय," एवढंच त्यांना सुचलं. मंडळी हिरमुसून निघून गेली.

त्या पलीकडच्याशी काका कधी बोलले नव्हते, लांबून पाहिलं होतं तेवढंच. पण तो बोल्ट किती आवळतो, ग्रीस कसं फासतो, हे त्यांना पाठ होतं. जेवताना त्याचा उद्धार चालायचा. "पुन्हा वॉशर उलटा बसवलाय बेट्याने!"

"अहो, सख्ख्या भावाबद्दल कधी इतकं बोलला नाहीत," बायको हसायची.

तिचं हसणं मुलगा आघाडीवर गेल्यापासून आटलं. तो सगळ्यात पुढच्या खंदकात होता. दारावर थाप पडली की ती भिंतीचा आधार घेऊन उभी राहायची.

एक दिवस अलीकडच्या फौजेचा कप्तान घरी आला. "काका, एक दिवस तुमचा कोट हवाय. आमचा माणूस होडीतून त्यांच्या तोफांची जागा हेरून येईल."

"नाही साहेब. कोट माझा असला तरी त्याचा भरवसा माझ्या एकट्याचा नाही."

कप्तान उठून निघून गेला. दुसऱ्या दिवशी काका कामावर गेल्याचं पाहून पुन्हा आला आणि बायकोशी बोलला. मुलाला खंदकातून काढून शहरातल्या कोठारावर आणता येईल म्हणाला. तिने कोट खुंटीवरून काढला आणि घडी घालून त्याच्या हातात दिला. तिला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. लावायचा असेल त्याने आधी स्वतःचं पोर खंदकात पाठवावं.

कोट घातलेला हेर होडीतून जाऊन आला आणि त्याच आठवड्यात पलीकडच्या तोफा उद्ध्वस्त झाल्या. अलीकडे ढोल वाजले. मुलगा घरी आला, आईच्या हातचं पोटभर जेवला. काकांनी एकदा रिकाम्या खुंटीकडे पाहिलं, ताटावरून उठले आणि हात धुऊन तडक बाहेर पडले. बायकोशी त्यांनी बोलणंच टाकलं.

पुढची पाळी पलीकडच्याची. तो कसला येतोय, असं सगळे म्हणत होते. पण तहान त्यांनाही होती. भर सकाळी होडी निघाली, पाइप वाजला. काका धावतच काठावर गेले. "तो मेकॅनिकच आहे! त्याची वल्हं मारायची ढब ओळखतो मी! थांबा!"

"कोटाच्या आत कोण आहे, कुणी सांगावं?" कप्तान म्हणाला. "आपण केलं तेच त्यांनी केलं नसेल कशावरून?"

गोळ्या सुटल्या. तो होडीतच वाकला आणि उठलाच नाही.

जाळी तुंबत गेली. दोन्ही शहरांचे नळ कोरडे पडले. लोक डबक्यातलं पाणी उपसू लागले, मुलांना जुलाब लागले. मग कप्तान कोट घेऊन दारात हजर.

"काका, तुम्हाला जावंच लागेल."

काका कोटाकडे बघतच राहिले. "हा घालून गेलो तरी ते मारतील, न घालता गेलो तरी मारतील. मला लांबून ओळखणारा त्या काठावर एकच माणूस होता, साहेब. त्याला तुम्ही मारलंत."

कप्तानाने मान खाली घातली, पण हुकूम काही मागे घेतला नाही.

सकाळी काकांनी बोल्ट आवळायचे पाने उचलले आणि कोट तिथेच टाकून होडी सोडली. बायको काठापर्यंत मागोमाग गेली. हाक तिच्या ओठांवर आली होती. पण थांबवायचा हक्क आपण कधीच देऊन बसलो आहोत, हे तिला कळत होतं. ती नुसती उभी राहिली आणि पाइपचा ठणठणाट ऐकत राहिली.