शान्शीला गेलो आणि सोफा गेला

चीनमधला शान्शी प्रांत पाहायला जाण्यासाठी रियाधमधलं घर रिकामं करावं लागत नाही. आमचं झालं.

सौदीकरणाच्या, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं नेमण्याच्या जोराची ती वर्षं. सकाळी ऑफिसात गेलेला माणूस दुपारी 'खलास' ऐकून घरी यायचा आणि महिन्याभरात फायनल एक्झिटवर कायमचा भारतात जायचा. आमच्या बँकेतही माझ्या शेजारी फहद नावाचा सौदी तरुण आणून बसवला होता, आणि त्याला माझंच काम शिकवायचं काम माझ्यावर होतं! मी मात्र निर्धास्त. "माझ्याशिवाय महिनाअखेरीचे हिशेब लागतच नाहीत," हे मी मंजिरीला, म्हणजे बायकोला, इतक्या वेळा सांगितलं होतं, की ती ते वाक्य आता माझ्याबरोबरच म्हणायची.

अशा भक्कम मनःस्थितीत मी रजेवर चीनला जायचं ठरवलं. रियाधमधला मराठी माणूस रजेवर गावी जातो, सासरी जातो, फार तर फ्लॅटच्या बिल्डरशी भांडायला पुण्याला जातो. चीनला कोणी जात नाही! मी हे मराठी मंडळींच्या शुक्रवारच्या जेवणात जाहीर केलं. "किती राजवंशांची राजधानी तिथे होती, ठाऊक आहे? एका सम्राटाने तर मेल्यावरही राखणीला मातीची फौज ठेवलीय!" पंगत गप्प झाली. मला वाटलं, भारावले. (आजारी माणसाच्या उशाशी लोक तसेच गप्प बसतात, हे मागाहून लक्षात आलं.)

निघायच्या आदल्या दिवशी मंजिरीने घर बंद करताना आपल्या बायका करतात तेच केलं. फ्रिज रिकामा करून, पुसून, उघडा ठेवला आणि दही, कोथिंबीर, लिंबाचं लोणचं, थालिपिठाची भाजणी असं सगळं इमारतीत वाटून टाकलं. आमच्या अल मलाझमधल्या इमारतीत दही वाटणारी बाई रजेवर चाललेली असते. भाजणी वाटणारी बाई कायमची चाललेली असते! वरच्या मजल्यावरच्या देशपांडे वहिनी डोळे पुसतच खाली आल्या.

"मंजिरी, धीर सोडू नकोस गं."

"अहो, पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे."

"सगळे असंच म्हणतात. ... तुझं वॉशिंग मशीन फुल्ली ऑटोमॅटिक ना?"

आमची कन्या शाळेतून आली ती फुरंगटूनच. "बाबा, सानिया की मम्मी ने मेरा स्टडी टेबल माँगा है. आर वुई नॉट कमिंग बॅक?"

"मूर्ख आहेत लोक," मी म्हणालो आणि चावी द्यायला खाली गेलो. खाली हमीदभाईंचं किराणा दुकान. माणूस रत्नागिरीचा, विश्वासाचा.

"तुळशीला तेवढं पाणी घाला, हमीदभाई."

"मी हाय ना! मागचं सगळं बघतो."

"सगळं नको, तुळसच बघा."

"कळलं मला, साहेब," असं म्हणून त्यांनी माझा हात दाबला. तो जरा जास्तच वेळ दाबला.

शान्शीत आठवडाभर मजेत गेला. मातीच्या फौजेसमोर उभा राहून मी घरच्यांना सम्राटांच्या बडेजावावर चार शब्द सुनावत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"साहेब, सोफा दारातून निघत नाय. पाय काढू?"

"कुणाचा सोफा?"

"तुमचाच! देशपांडे साहेबांना दिला. फ्रिज केरळवाल्यांनी नेला, लय चांगली माणसं हायत."

"हमीदभाई! मी इथे फिरायला आलोय! माझ्यासमोर हजारो मातीचे सैनिक उभे आहेत!"

मग अगदी हळू आवाजात, "वहिनींना फोन द्या जरा."

मंजिरीने ऐकलं, दोनदा 'हो हो' म्हटलं आणि फोन परत दिला. "तुम्हाला एकटं सोडू नका म्हणतात. आणि तुमच्या बँकेचा ड्रायव्हर दुकानात सांगत होता, की तुमच्या खुर्चीवर फहद बसायला लागलाय."

"बसू दे! उठेल आपोआप. माझ्याशिवाय महिनाअखेरीचे हिशेब लागतच नाहीत."

या वेळी तिने ते वाक्य माझ्याबरोबर म्हटलं नाही.

फिरायलाच आलोय याचा पुरावा हवा म्हणून मी तिथल्या प्राचीन मशिदीचे भरपूर फोटो काढले. हमीदभाईंना तरी पटेल! परतल्यावर सामान खाली ठेवायच्या आत ते दाखवले. कौलारू वळणदार छपरं, बाग, लाकडी कमानी. त्यांनी निरखून पाहिलं. "ही मशीद? साहेब, मिनार कुठाय?" त्यांनी मोबाइल माझ्या हाती ठेवला आणि पाठीवर थोपटलं.

घरात तुळस डवरली होती. बाकी काहीच नव्हतं. सगळ्यांनी ओशाळून वस्तू परत आणून दिल्या. देशपांड्यांनी सोफाही दिला, फक्त त्याचे पाय कुठे ठेवलेत ते त्यांना आजतागायत आठवत नाही.

रविवारी ऑफिसात गेलो. माझ्या खुर्चीवर फहद. मुदीर, म्हणजे आमचे साहेब, मला पाहून दचकलेच. "तू आलास? रजेवर जाऊन परत न येणारे पुष्कळ असतात. त्यात चीन! आम्हाला वाटलं, दुसरीकडे कुठे नोकरी धरलीस."

मी छाती काढून विचारलं, "महिनाअखेरीचे हिशेब?"

"लागले! तुझ्या वेळेपेक्षा लवकर लागले. छान तयार केलंयस त्याला."

फहद मुलगा सज्जन. त्याने स्वतः उठून मला खुर्ची दिली. पाहुण्यांची.

माझी नोकरी टिकली. आता मी टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसून त्याला उरलंसुरलं शिकवतो. टेबलावर शान्शीहून आणलेला मातीचा एक छोटा सैनिक आहे. त्याचे भाऊबंद दोन हजार वर्षं आपापल्या जागी उभे आहेत, आणि एकाचीही जागा कोणी घेतलेली नाही.

घेईल कशी? त्यांच्यातला एकही शहाणा रजा घेऊन प्राचीन वारसा बघायला गेला नव्हता!