गुरुवारची सुट्टी

आमच्या चाकणच्या कंपनीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी लाइन चालूच. हे अख्ख्या चाकणला ठाऊक आहे. फक्त कोर्टात बुद्धरत्नला ते आठवलं नाही. घटस्फोटानंतर त्याची पाच वर्षांची लेक मैत्री आईकडे राहणार आणि बापानं तिला दर रविवारी भेटायचं, असं ठरलं. पोरगी भेटणार म्हटल्यावर हा पठ्ठ्या लगेच सही करून मोकळा! मी कपाळावर हात मारला.

त्याच्या सगळ्या रजा रविवारी तिला भेटण्यातच संपल्या. मग सुपरवायझरनं हात वर केले. भेटीचा वार बदलून मिळावा म्हणून कोर्टात अर्ज केला, तर नुसत्या तारखा पडतायत. वर मैत्रीच्या आईचा वकील सांगतो, बाप तीन महिने फिरकलाच नाही. फिरकला नाही म्हणे!

परवाच्या गुरुवारी तो मला घेऊन पिंपळे सौदागरला मैत्रीच्या शाळेबाहेर गेला. लांबून बघायचं, एवढंच ठरलं होतं. पण मैत्रीनं त्याला पाहिलं आणि व्हॅनची रांग सोडून ती धावत आली.

"पप्पा, आज रविवार आहे?"

बुद्धरत्ननं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.