तांदळातली हार्ड डिस्क

आता काय सांगू तुम्हाला, हुशारी अंगाशी कशी येते ते मला विचारा! आधीच हसू नका हं.

आम्ही राहतो बाळकुमला. मे महिन्यात आठ दिवस गुहागरला, सासुरवाडीला निघालेलो. मला काळजी एकाच गोष्टीची, हार्ड डिस्कची! आमच्या ईराचे जन्मापासूनचे फोटो तिच्यात, आणि दुसरी कॉपी कुठेच नाही. चोर आला म्हणजे? मग लोक गावाला जाताना दागिने ठेवतात तिथेच ठेवली. तांदळाच्या डब्यात, पार तळाशी.

"अरे, सोबत घे ना," बायको म्हणाली.

"आणि प्रवासात हरवली तर?"

चावी शेजारच्या मालतीकाकूंकडे दिली, झाडांना पाणी घालायला. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. फोन लावला. "काकू, तेवढा तांदळाचा डबा जागेवर आहे ना बघा. हात लावू नका हं!"

इथेच माती खाल्ली! काकूंना काय वाटणार? सोनं! त्यांनी डबा उचलून स्वतःच्या घरी नेला. दुसऱ्या दिवशी त्यांना विठ्ठलवाडीला लेकीकडे जायचं होतं, म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी सावंतकाका यांच्या हवाली केला. "जोखीम आहे हो," एवढंच कानात सांगितलं. डबा ऑफिसच्या कपाटात, कपाटापुढे वॉचमन! आम्ही परतेपर्यंत सोसायटीच्या गप्पांत ते सोनं चाळीस तोळ्यांवर गेलेलं.

ऑफिसात अख्खी कमिटी हजर, काकूही लेकीकडून परतलेल्या. काकांनी डबा परातीत उपडा केला.

"अगंबाई! हे काय?" काकू म्हणाल्या.

"फोटो आहेत हो ईराचे!"

"मग दाखवा," सावंतकाका म्हणाले. "रेकॉर्डवर यायला हवं. त्याशिवाय वस्तू हलणार नाही."

लॅपटॉप आला, सीसीटीव्हीच्या मोठ्या टीव्हीला जोडला. डिस्कने पासवर्ड मागितला. "अक्षरं दिसू देत, चुकायला नको," म्हणत काकांनी स्वतःच ते डोळ्याचं चिन्ह दाबलं.

आता ऐका. गावाला जायच्या आदल्याच आठवड्यात काकांनी माझा पार्किंगचा अर्ज फेटाळलेला. आणि भाचा म्हणालेला, मामा, कधी विसरणार नाहीस असा पासवर्ड ठेव.

काय करणार? फोटो तर हवे होते! घाम पुसत एकेक अक्षर दाबलं. टीव्हीवर टपोरं उमटलं: 'सावंतमहाखडूस१००'.

अख्खी कमिटी काकांकडे बघायला लागली हो! तेवढ्यात पहिला फोटो उघडला, बोळकं पसरून हसणारी ईरा. माझ्या जिवात जीव आला. काका सगळे फोटो शांतपणे बघत होते.

"गोड आहे पोर," ते म्हणाले. रजिस्टर मिटलं. "तुमच्या पार्किंगचं पुढच्या मीटिंगला बघू."

ती मीटिंग अजून व्हायचीय. डेटा एकदम सेफ आहे बरं का! मी गाडी पार माजिवड्याला लावतो आणि तिथून चालत घरी येतो.