लाकडाखालचे सिंह

आमच्या घरात सगळ्यांना वाटतं की सौदीत असताना मी एका फिटरसाठी मालकाशी भांडलो होतो. हे त्या फिटरनेच माझ्या बायकोला सांगितलं. तो फिटर म्हणजे गुरवकाका. ते एकदा चिपळूणहून सांगलीला आले, ओट्यावर आमसुलांची पुडी ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, साहेब माझ्यासाठी लई भांडले हो." मी तिथेच बसलो होतो. चहा पीत होतो. खरं काय झालं ते त्या दिवशीही कुणाला सांगितलं नाही आणि नंतरही नाही. आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का – ते मला धड सांगता येणार नाही.

आधी मी कोण ते ऐका. माझे वडील मार्केट यार्डात हमाल. आमच्या सबंध भावकीत कॉलेज पुरं केलेला मी पहिला – बी.एस्सी., फिजिक्स, सेकंड क्लास. याचा मला अभिमान होता, आजही आहे, तो मी लपवत नाही. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला मी सौदीतल्या बुरैद्यात होतो. शेतीच्या पंपांचं वर्कशॉप होतं, तिथे स्टोअरकीपर. अरबी भरभर शिकलो, इंग्रजी वाचता येत होतं, म्हणून मालक मला "मुहंदिस" म्हणायचे. म्हणजे इंजिनिअर. पहिल्याच दिवशी "मी इंजिनिअर नाही" म्हणालो असतो तर? नाही म्हणालो. कानाला फार गोड लागलं.

मालकांना – अबू फहद त्यांचं नाव – जुन्या बंदुकांचा नाद. बैठकीत भिंतीवर चार-पाच टांगलेल्या, सगळ्या परवान्याच्या. त्यांना हवी होती ती दुसऱ्या महायुद्धातली रायफल, जशी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी. एकीचा बोल्ट, दुसरीची नळी, वर नवा काळा रंग असला जोडलेला माल नको. पण बाजारात तसलाच माल फार. मग पारख कोण करणार? मुहंदिस! इंग्रजी शिक्के तोच वाचणार.

मी नेट कॅफेत बसून कागद छापून आणले. सगळे नंबर जुळले पाहिजेत, एवढं कळलं. बाकीचं सगळं मला गुरवकाकांनी शिकवलं. काकांनी जन्मात बंदूक हातात धरली नव्हती, शाळा चौथीपर्यंत. पण लोखंड त्यांना कळायचं. पहिली रायफल आली तेव्हा ती उजेडात आडवी धरून म्हणाले, "साहेब, हितं बोट फिरवा. खड्डा लागतो काय? जुना नंबर घासून नवा ठोकलाय." दुसऱ्या वेळी स्क्रूच्या खाचा दाखवल्या, कडा चावल्यासारख्या झालेल्या, म्हणजे कुणीतरी आधी उघडलेली. लाकूड पॉलिशपेपरने घासलं की शिक्का कसा उथळ होतो, तेही त्यांनीच दाखवलं. मी आत जाऊन हे सगळं अरबीत मालकांना सांगायचो. कुणी शोधलं ते सांगायचो नाही. काकांनीही कधी विचारलं नाही. खोटेपणा इथूनच सुरू झाला होता, नाही का?

तिसरी रायफल जेद्द्याला होती, अल अझीझियात एका दलालाच्या घरी. आम्ही तिघे गेलो. मालक, मी आणि स्क्रू खोलायला काका. ती रायफल मी अजून विसरलो नाही. लोखंडावर कोरलेला मुकुट, खाली इंग्लंडच्या राजाची अक्षरं, युद्धाच्या ऐन मधलं साल, आणि कारखाना बंगालमधला – आपल्याकडचा! माझी छाती उगाच फुगली. बोल्टचा नंबर जुळला, अंगावरचा जुळला, तोंडाकडचाही जुळला. काकांनी वरचं लाकूड खोलायच्या आधीच मी मालकांना सांगून मोकळा झालो, "अस्सल. शंभर टक्के." अबू फहदनी मला मिठी मारली. दलालाने कहवा ओतायला घेतला.

आणि काकांनी लाकूड उचललं.

नळीवर, लाकडाखाली, बोटाच्या नखाएवढा शिक्का. चौथरा आणि त्यावर सिंह. आपले – नोटेवरचे. काकांनी त्यावर अंगठा ठेवला आणि हळूच मराठीत म्हणाले, "साहेब, हे आपले सिंह. हे तवा कुठले?" शाळेतल्या पोरालाही कळेल अशी गोष्ट होती. राजाच्या काळात हे चिन्ह नव्हतंच. नळी स्वातंत्र्यानंतरची, कुणीतरी मागाहून बसवलेली, आणि नंबर तिच्याबरोबर जुळवून घेतलेले. त्या खोलीत हे ओळखणारी माणसं दोनच होती. मला "थांबा" एवढंच म्हणायचं होतं. मालक हसत होते, मी मुहंदिस होतो, मिठी अजून अंगाला गरम होती –

मी म्हणालो, "काका, लाकूड लावा परत."

काकांनी शिक्क्यावरचा अंगठा उचलला. मग "बरं" म्हणाले आणि लावलं.

दोनेक महिन्यांनी अबू फहदकडे पाहुणे आले. त्यांत एक निवृत्त फौजी अधिकारी होता. त्याने सगळ्यांसमोर ती रायफल खोलली, शिक्का बघितला आणि हसला. म्हणाला, "अबू फहद, ही लढाईला जरा उशिरा पोचली!" दुसऱ्या दिवशी मालकांनी मला आणि काकांना ऑफिसात बोलावलं. आवाज चढवला नाही. मला म्हणाले, "लाकूड यानेच खोललं होतं ना? विचार त्याला, शिक्का दिसला होता की नाही."

हीच ती जागा. इथवर मी भित्रा होतो, एवढंच म्हणता आलं असतं.

काकांना वर्कशॉपपुरती अरबी यायची. यल्ला, खलास, पाना, पाणी. त्यांना स्वतःची बाजू मांडायची तर ती माझ्याच तोंडून. मी विचारलं. त्यांनी टोपी हातात घेतली आणि म्हणाले, "दिसला होता. पण साहेब, तुम्ही होतात तिथं. काय झालं ते तुम्हीच सांगा त्यांना."

मी मालकांकडे वळलो आणि अरबीत म्हणालो, "तो म्हणतो, दिसला होता. मी मुहंदिसला सांगितलं नाही. चूक झाली, माफ करा."

मालकांनी विचारलं, "दलालाने त्याला काही दिलं का?" हे मी काकांना विचारलंच नाही. तिथल्या तिथे उत्तर दिलं – "मा अद्री." म्हणजे मला माहीत नाही. मला माहीत नव्हतं? मला पक्कं माहीत होतं.

"खलास," मालक म्हणाले. तेवढा शब्द काकांना कळला.

त्यांना परत पाठवायचे कागद व्हायला आठवडा लागला. कॅम्पात त्यांच्याच तालुक्यातले सहा जण एकत्र जेवायचे. त्यांतला एक मला स्टोअरमध्ये येऊन म्हणाला, "काय हो साहेब, गुरवाने खरंच दलालाकडून खाल्लं काय?" मी म्हणालो, "मालकांना तसं वाटतंय." त्या रात्रीपासून काका आपल्या खाटेवर एकटे जेवू लागले. वीस वर्षं पाना-कानस चालवलेला माणूस, "माझ्या हातचं काम कुणी परत आणलं नाही" एवढी एकच बढाई मारायचा. तो आता दलालाचा माणूस म्हणून गावी जाणार होता. आणि मी रोज त्यांच्या दारावरून स्टोअरला जात होतो.

विमानतळावर मीच सोडायला गेलो. गाडीतून उतरताना त्यांनी विचारलं, "तुम्ही सांगितलंत ना त्यांना सगळं?"

"सांगितलं," मी म्हणालो. "ऐकत नाहीत."

"जाऊ द्या," काका म्हणाले. उलट माझ्याच पाठीवर हात ठेवला. "तुम्ही तुमची नोकरी सांभाळा. पोरगी लहान आहे."

मी सांभाळली. पुढे सहा वर्षं. शेवटच्या दिवसापर्यंत मुहंदिस.

काका अजून आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दिवाळीला फोन करतात. दर वेळी वाटतं, आज बोलू. मग ते माझ्या मुलीचं विचारतात, मी तिचं सांगतो, आणि फोन संपतो.

त्या दिवशी ऑफिसात मला जे अरबीत सांगायचं होतं ते चार वाक्यांचं होतं. मला ते तेव्हाही येत होतं. गुरवला शिक्का दिसला. त्याने तो तिथल्या तिथे मला दाखवला. लाकूड परत लावायला मी सांगितलं. त्याने कुणाकडून काही घेतलं नाही.