शंका घेणारं कुणी आहे का

यज्ञेश्वररावांविषयी लिहावं इतका मी त्यांना ओळखत नव्हतो. नारायण पेठेत आमचे फ्लॅट समोरासमोर, एवढाच अधिकार. ते कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. चारेकशे वर्षांपूर्वी युरोपात ज्यांनी नुसत्या बुद्धीच्या जोरावर देव, मन, सुखदुःख उलगडायचं ठरवलं, तो त्यांचा विषय. त्यातलं मला एकच कळलं, तेही त्यांनी समजावलं म्हणून: कशावरही शंका घेता येते, पण शंका घेणारं कुणीतरी आहे, यावर घेता येत नाही.

त्यांच्या पत्नी विजयमालाताई कुणाची चूक सोडत नसत. एकदा मी गणपती बसण्याचा वार चुकीचा सांगितला, तर म्हणाल्या, "गणपतीला कळवलंय का तुम्ही?" पुढे याच बाई विसरत विसरत गप्प झाल्या. मुलीनं, भाग्यश्रीनं, वाघोलीला अशा माणसांना सांभाळणारी संस्था पाहिली. आईला आता घर काय नि ते काय, सारखंच, असं तिचं म्हणणं.

यज्ञेश्वररावांना ते पटेना. बायको अजून आत कुठेतरी आहे, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. म्हणून ते मुद्दाम खोटं बोलू लागले. भर दुपारी रात्र झाली म्हणायचे. तिनं एकदा तरी "काहीतरीच काय" म्हणावं, एवढीच आशा. त्या मान डोलवायच्या.

शेवटी त्यांनी सांगितलं, "आज तुझी आई येणार आहे." आई जाऊन कित्येक वर्षं झालेली.

विजयमालाताई उठल्या, केस नीट केले, दार उघडून खुर्चीत बसल्या. मला समोरून दिसत होत्या. आपण खोटं बोललो, हे यज्ञेश्वरराव परोपरीनं सांगत राहिले. त्या हलल्या नाहीत. संध्याकाळी लहान मुलीसारख्या रडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे येऊन बसले.

"शंका गेलीय हो तिची. वाट बघणं राहिलंय. हे मी कधी शिकवलंच नाही." मग म्हणाले, "दुःखाचं कारण स्वच्छ कळलं की दुःख सैल होतं, हे मात्र दरवर्षी शिकवलं. मला कळलंय कारण. मीच आहे."

माझ्याजवळ ती सुरक्षित नाही, असं त्यांनी स्वतःच भाग्यश्रीला फोनवर सांगितलं. विजयमालाताईंना संस्थेत ठेवलं. वाघोलीतच खोली घेऊन ते रोज त्यांच्याशेजारी जाऊन बसत. काही चुकीचं बोललं जाईल म्हणून तोंडच उघडत नाहीत, असं भाग्यश्री सांगायची.

डिसेंबरअखेर ते वारले. त्याआधी एकदा स्वेटर न्यायला आले होते. ते कुलूप लावत असताना मी विचारलं, तिकडे थंडी फार आहे का.

"मोकळं आहे ना. वारा लागतो."

"कानाला बांधत जा काहीतरी."

"हो," म्हणाले, "बांधतो."