लेकीच्या हातची विडी

१९९४ साली मी पंचावन्न वर्षांचा होतो. लेक पहिल्या बाळंतपणाला निफाडला माहेरी आली होती. माझी विडी तीच चुलीवर धरून, एक झुरका ओढून पेटवून द्यायची. आमच्या घरची रीतच तशी.

तपासायला आलेल्या नर्सबाई ते बघून भडकल्या. "बाबा, तो झुरका बाळाला पोचतो. त्याचं वजन भरत नाही, मूल दिवसांआधी होतं. तुमचा धूरसुद्धा तिला नको."

"माझी आईबी पोटुशी असताना बापाची विडी पेटवायची. मी मेलो का?"

लेक हळूच म्हणाली, "आप्पा, तुमच्या पाठची दोन जगली नाहीत ना?"



दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सवयीनं विडीसाठी हात पुढं केला. मी त्यावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला, अन् विड्यांचं बंडल शेणखताच्या खड्ड्यात पुरून आलो.