आधी लग्न, मग डोळे

आमचा धंदा बांगड्यांचा. अहेरीच्या आठवडी बाजारात अब्बांचं दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेली सतरंजी, तिच्यावर काचेच्या बांगड्यांचे खोके आणि मधोमध अब्बा. मोहफुलं, चारोळी विकून मोकळ्या झालेल्या बाया घरी जायच्या आधी आमच्याकडे हात पुढे करायच्या. अब्बा माप कधी विचारायचे नाहीत. हात हातात घ्यायचे, अंगठ्याखालचं हाड दाबायचे आणि खोक्यातून नेमकी बांगडी काढायचे. अब्बांचा अंदाज चुकत नाही, असं अख्खा बाजार म्हणायचा. चुकला. परक्या बाईच्या हाताला नाही चुकला, पोटच्या पोरीच्या हाताला चुकला.

आपा माझी मोठी बहीण. अम्मी लवकर गेली, तेव्हापासून माझ्या वेण्या, माझी शाळा, माझे ताप, सगळं आपानेच काढलं. तिचं लग्न आलापल्लीला झालं, म्हणजे फार लांब नाही. ईदेला माहेरी आली की अब्बा तिच्या हातात नव्या बांगड्या भरायचे. माहेरी आलेली लेक जुन्या बांगड्यांनी परत जाऊ द्यायची नाही, ही आमच्या घरची रीत. लग्नात तिला सव्वादोनच्या बांगड्या सहज चढायच्या. पुढे एका ईदेला अडीचची लागली. अब्बा खूश.

"पोरगी सुखात हाय. हात भरला तिचा."

आमच्या धंद्यात असंच समजतात. सासुरवास असला की हात वाळतो, सुख असलं की भरतो. अब्बांनी जन्मभर बायांचे हात धरून हेच शिकून ठेवलेलं. त्यामुळे त्याच्याही पुढच्या खेपेला पावणेतीनची बांगडी काढावी लागली, तेव्हा ते आणखीच खूश झाले. आपाच्या बोटातली अंगठी सोनाराकडून कापून घ्यावी लागली, पायात मर्दानी चपला आल्या, जबडा पुढे आला, नाक आणि ओठ जाड झाले, आवाज घोगरा झाला. असलं सुख वैऱ्यालाही नको. पण बांगडीचं माप सांगत होतं ना, की सगळं ठीक आहे!

शेवटी नवऱ्याने तिला आणून सोडलं. "मी नेली होती ते बाई ही नाई," असं दारात उभं राहून बोलला आणि वर्षाच्या आत दुसरी केली. त्याला काय बोलायचं? त्याच्याबद्दल लिहून मला शाई वाया घालवायची नाही. अब्बांनी मग दर्ग्यावर नेलं, तावीज बांधला, नजर उतरवली. तिचं डोकं सतत दुखायचं, त्याला दवाखान्यातल्या गोळ्या होत्याच.

मग डोळे जायला लागले, आणि तेही अशा चोरपावलांनी की कोणाला कळू नये. समोरचं दिसायचं, कडेचं दिसायचं नाही. बाजारात ती अब्बांच्या शेजारी बसायची. बाजूला येऊन बसलेली बाई तिला दिसायचीच नाही. "काऊन वो बाई, लय भाव खाऊन राह्यली!" असं म्हणत बाया उठून जायच्या. एकदा तिच्या कोपराने बांगड्यांचा खोका कलंडला आणि काचांचा सडा पडला. अब्बा भर बाजारात ओरडले, "डोळे फुटले का तुले?"

फुटतच होते. मान खाली घालून ती काचा वेचत बसली, आणि त्याही तिला मान वळवून वळवून शोधाव्या लागत होत्या.

मी तेव्हा चंद्रपूरला कॉलेजात होते. आपाला मी तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एकाने चष्मा दिला, दुसऱ्याने चष्म्याचा नंबर बदलला. तिसऱ्याने मात्र तिला सरळ बघायला सांगून आपलं बोट कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणलं. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा आपा म्हणाली, "आता दिसलं." डॉक्टर माझ्याकडे वळले. "यांचा चेहरा आधीपासून असाच होता?" मी नाही म्हणाले आणि मला रडू कोसळलं. इतक्या वर्षांत हा साधा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

त्यांनी चिठ्ठी देऊन नागपूरला पाठवलं. अब्बाही आले. तपासणीत निघालं की मेंदूच्या तळाशी, नाकाच्या बरोबर मागे एक चण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यात गाठ झाली आहे. हातपाय त्या गाठीमुळे वाढत होते, आणि आता ती डोळ्यांच्या नसा खालून दाबत होती. मी बाहेर रिपोर्टच्या रांगेत उभी होते. आत अब्बा आणि आपा. थोड्या वेळाने बाहेर येऊन अब्बा म्हणाले, "गोळ्या देल्या. दोन-तीन महिन्यानं या म्हणते."

मी विश्वास ठेवला. बाप बोलतो तर का ठेवू नये?

माझं लग्न ठरलं होतं. मुलगा भद्रावतीचा, कारखान्यात नोकरीला, राहायला कॉलनीत. अहेरीच्या बाजारातल्या पोरीला असं स्थळ म्हणजे अब्बांच्या मते आभाळच ठेंगणं. लग्नात बांगड्या भरायला आपाच बसली. माझा हात तिने इतका जवळ ओढला की तिचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. हिरव्या बांगड्या तिने चाचपून चाचपून चढवल्या, पण एकही फुटू दिली नाही. अब्बा पाहुण्यांना सांगत होते, "पाहा, माझ्या लेकीच्या हाताला डोळ्याची गरज नाई!" मांडवात ती दोनदा लोकांवर आदळली. बाया म्हणाल्या, बहीण चालली म्हणून रडून रडून डोळे सुजलेत बिचारीचे.

लग्नानंतर काही दिवसांतच एका सकाळी तिचा डावा डोळा पूर्ण अंधारला. तेव्हा कुठे अब्बांनी नागपूरची एस.टी. धरली.

बहीण आजारी आहे एवढंच सांगून मी सासरहून थेट दवाखान्यात गेले. ऑपरेशन झालं होतं. आपाच्या दोन्ही नाकपुड्यांत बोळे, ओठ कोरडे पडलेले, तोंडाने श्वास चाललेला. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, नाकातून पाणी आलं तर लगेच सांगायचं, असं नर्स बजावून गेली. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. बारीक दुर्बीण नाकातून आत घालायची, मागचं पातळ हाड उघडायचं आणि पडद्यावर बघत गाठ खरवडून काढायची. कवटी उघडायची नाही, केस कापायचे नाहीत, बाहेरून टाका नाही. मग ते म्हणाले, "तेव्हाच सांगितलं होतं तुमच्या वडिलांना, लगेच भरती करा म्हणून. उजवा डोळा सुधारेल. डाव्याचं आता सांगता येत नाही."

मी आपाजवळ जाऊन विचारलं. ती बोळ्यांमुळे गेंगाण्या आवाजात म्हणाली, "डोक्याचं ऑपरेशन म्हटलं का लोक पागल समजते. तुझं लग्न मोडलं असतं. अब्बा बोलले, आधी लग्न होऊन जाऊ दे. मी बोलली, होऊ द्या."

मला अब्बांचा संताप आला, तो आलाच. पण तिचाही आला, आणि अजून येतो. माझ्यासाठी डोळा देऊन टाकताना मला एका शब्दाने विचारलं असतं तर!

बोळे निघाले. अब्बा तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघत राहिले. कुठे व्रण नाही, टाका नाही. "काईच दिसत नाई," ते सुटल्यासारखे बोलले.

"तिलाही दिसत नाही," मी म्हणाले.

एवढं लपवायची गरजच नव्हती. आठवडाभर नागपूरला नात्यात गेली होती म्हटलं असतं, तरी खपलं असतं.

पुढे आपाची बोटं थोडी उतरली, डोकेदुखी गेली, उजव्या डोळ्याला नीट दिसायला लागलं. जबड्याची हाडं राहिली तशीच राहिली. डावा डोळा गेला तो गेलाच.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा माझं लग्न जुनं झालं होतं. मला वाटलं, आता टोमणा येणार. त्या भाजी निवडता निवडता थांबल्या आणि लालबुंद झाल्या. "आमाले काय राक्षस समजले का तुमचे अब्बा? माझ्या भावजयीच्या डोस्क्याचं कवटी खोलून ऑपरेशन झालं, पोरायचे लग्न झाले का नाई? सांगतलं असतं तर आमीच थांबलो असतो. लग्न का पळून जात होतं?"

पुढच्या वेळी अहेरीला गेले, तेव्हा अब्बा अंगणात बाजाराचे खोके बांधत होते. आपा शेजारी सुतळी तोडून देत होती. मी सासूबाईंचा शब्द न् शब्द त्यांना ऐकवला.

अब्बांचे हात थांबले. "खरंच थांबले असते?"

"हो."

"खरंच?"

"जाऊ दे ना," आपा म्हणाली. मला बघायला तिला अख्खी मान फिरवावी लागली.

मी जाऊ दिलं नाही. मी अब्बांना पुन्हा सांगितलं, थांबले असते.